माठाला टिचकी, उपग्रहाला धक्का

गेल्या एप्रिलमध्ये आई सांगलीहून माझ्याकडे मानेसरला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "फ्रिजचं पाणी घशाला लागतं. आधी माठ आणू." हायवेच्या कडेला मडकी मांडून बसलेल्या एका कुंभाराकडे आम्ही गेलो. सोबत आमच्या सोसायटीतले एक दादा होते, मूळचे इचलकरंजीचे. आईने एक माठ उचलला, कानाजवळ धरला, टिचकी मारली आणि ठेवून दिला. दुसरा उचलला, तोही ठेवला. चौथ्या माठाने खणखणीत आवाज दिला तेव्हा कुठे तिने पैसे काढले.

दादा हसत म्हणाले, "काकू, मी ऑफिसात रोज हेच करतो."

"माठ वाजवतोस?"

"गाड्यांचे भाग वाजवतो. माझे काही मित्र तर उपग्रह वाजवतात."

"मग त्यासाठी इंजिनीअर कशाला व्हायला लागतं?" आईने सरळ विचारलं.

मी इंग्रजी घेऊन बीए केलेली मुलगी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादांकडे होतं, पण ते माठ घरी पोचेपर्यंत संपलं नाही. पुढचे तीन रविवार चहाबरोबर चाललं. ते जसं मला समजलं, तसं तुम्हाला सांगते.

प्रत्येक वस्तूचा आपला ताल

मानेसर म्हटलं की गाड्यांचे कारखाने आठवतात. वाहनांची चाचणी घेणारी आयकॅट ही मोठी संस्थाही इथेच आहे आणि गाडीचा आवाज व कंपन तपासणारी वेगळी प्रयोगशाळा तिथे आहे. दादा मात्र सुट्या भागांच्या एका कंपनीत काम करतात. त्यांचं काम एका वाक्यात सांगायचं तर वस्तू हलवायची आणि ती कशी हलते ते बघायचं.

तुम्ही लाल एसटीने प्रवास केला असेल. गाडी स्टँडवर उभी असते, इंजिन नुसतं घुरघुरत असतं आणि खिडकीच्या काचा कानठळ्या बसतील अशा खडखडतात. गाडीने वेग घेतला की काचा शांत. इंजिन तर जोरात चालू झालं, मग खडखडाट कमी का झाला?

कारण प्रत्येक वस्तूला हलायचा स्वतःचा एक ठरलेला ताल असतो. झोपाळ्याला तो असतो, काचेला असतो, माठालाही असतो. बाहेरून येणारा धक्का नेमका त्याच तालात आला की वस्तू प्रत्येक धक्क्याबरोबर जास्त जास्त हलते. झोपाळ्यावरच्या बाळाला आपण नेमक्या क्षणी हलका हात लावतो आणि झोका उंच जातो, तसंच. याला अनुनाद म्हणतात. ताल जुळला नाही तर मोठा धक्काही फारसं काही करत नाही.

घरचं वॉशिंग मशीन बघा. स्पिन सुरू होताना एका ठरावीक वेगाला ते नाचायला लागतं. वेग आणखी वाढला की शांत होतं. तो नाचण्याचा क्षण म्हणजे ताल जुळण्याचा क्षण.

माठाचंही तेच. चांगला भाजलेला, अखंड माठ एका सुरात वाजतो. बारीक तडा असेल तर त्याचा ताल बदलतो, कंपन तड्यातच मरतं आणि आवाज बद्द येतो. आईला तडा दिसत नाही, पण ऐकू येतो.

मुंबईची दुर्बीण, श्रीहरिकोट्याचा धक्का

आता हाच प्रश्न आकाशात नेऊ. दादांनी उदाहरण दिलं ते आपल्या मुंबईचं.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने ॲस्ट्रोसॅट नावाचा उपग्रह नेला. वजन सुमारे दीड टन, कक्षा जमिनीपासून सुमारे ६५० किलोमीटर. अवकाशातल्या वस्तूंचा अभ्यास करण्यासाठी भारताने पाठवलेली ही पहिली खास वेधशाळा. तिच्यावरची क्ष-किरणांची एक दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने बनवली होती. तिचा कॅमेरा इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचा होता.

या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले तीनशेहून अधिक आरसे आहेत. आरसे म्हणजे जाड काच नव्हे, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. ते कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक बसवलेले आहेत. आरशांपासून कॅमेरा सुमारे दोन मीटर लांब आणि मध्ये नळी आहे ती कार्बन फायबरच्या कॉम्पोझिटची.

आता कल्पना करा. हे नाजूक सामान तीनशे टनांच्या वर वजनाच्या रॉकेटच्या टोकावर बसवायचं आणि पेटवायचं. खालून इंजिनांची थरथर येते. टप्पे वेगळे होताना हिसके बसतात. रॉकेटचा आवाज इतका प्रचंड असतो की निव्वळ आवाजाने पातळ पत्रे थरथरतात. गणपतीत ढोलपथक दारावरून गेलं की कपाटातली भांडी वाजतात, त्याच्या कितीतरी पट. हा सगळा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा. त्यात एखादा भाग सैल झाला तर वर जाऊन स्क्रू आवळणारं कुणी नसतं.

म्हणून रॉकेट बनवणारे उपग्रह बनवणाऱ्यांना सुरुवातीलाच अट घालतात की तुमच्या उपग्रहाचा मुख्य ताल आमच्या रॉकेटच्या तालाशी जुळता कामा नये. तसा तो जुळला आणि कंपन जिरवण्याची त्या रचनेची ताकद दोन टक्क्यांएवढीच असली, तर पायाला बसलेला हलका धक्का वर पोचेपर्यंत पंचवीस पट होऊ शकतो.

गोधडी आणि मधाचं पोळं

"मग जाडजूड लोखंड वापरा की," आईचा पुढचा सल्ला. पण अवकाशात प्रत्येक किलो महाग. वस्तू हलकी हवी आणि ताठही हवी. इथे कॉम्पोझिट कामाला येतं.

कॉम्पोझिट म्हणजे दोन किंवा जास्त पदार्थ एकत्र करून केलेला नवा पदार्थ. आपल्याला तो नवा नाही. जुन्या घरांच्या भिंतीत माती आणि गवत एकत्र मळलेलं असे. माती एकटी भेगाळते, गवत एकटं उभं राहत नाही, दोघं मिळून भिंत होते. उपग्रहात गवताच्या जागी कार्बनचे धागे आणि मातीच्या जागी राळ असते. धागा लांबीच्या दिशेने फार मजबूत असतो, आडवा नाही. म्हणून गोधडीसारखे थर देतात. एका थरात धागे उभे, दुसऱ्यात आडवे, तिसऱ्यात तिरके.

दुसरी युक्ती मधाच्या पोळ्याची. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये षटकोनी कप्प्यांची हलकी जाळी चिकटवतात. पार्सलच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मध्ये नागमोडी कागद असतो, त्याचाच हा थोरला भाऊ. हिशोब ऐकून मी थक्क झाले. एक पत्रा मधोमध दोन भागांत चिरला आणि आत पोळं घालून एकूण जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला विरोध सुमारे सात पट होतो. जाडी चौपट केली तर सुमारे सदतीस पट. वजन मात्र जेमतेम काही टक्के वाढतं.

मंगळयान आठवतं ना? ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेलं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलेलं. त्याचा सांगाडा हिंदुस्तान एरोनॉटिक्सने दिला होता. मध्ये कॉम्पोझिटचा दंडगोल आणि भोवती पोळ्याच्या जाळीचे पॅनेल.

पण सोय आली की डोकेदुखी आलीच. लोखंडाचा पत्रा सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखा वागतो. गोधडीचं तसं नाही. थराची दिशा बदलली की ताल बदलला. गोंद एखाद्या ठिकाणी कमी पडला की ताल बदलला. मग उपग्रह बांधण्याआधीच त्याचा ताल कसा ओळखायचा?

आकड्यांचा जुळा भाऊ

यासाठी संगणकात उपग्रहाचा जुळा भाऊ तयार करतात. त्याला मॉडेल म्हणायचं. अख्खी रचना छोट्या छोट्या तुकड्यांत वाटायची आणि तुकडे जिथे जुळतात तिथे बिंदू धरायचे. प्रत्येक बिंदू सहा प्रकारे हलू शकतो. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली या तीन सरळ हालचाली आणि तीन दिशांना गिरकी. समजा एक लाख बिंदू घेतले, तर संगणकाने शोधायच्या हालचाली झाल्या सहा लाख. तेही प्रत्येक तालासाठी पुन्हा.

मला वाटलं, संगणक आहे ना, करू दे. दादांनी विचारलं, "एक हिशोब रात्रभर चालतो असं समज. सकाळी तुझ्या लक्षात येतं की एक थर पंचेचाळीस अंशांऐवजी तीसवर ठेवला तर? पुन्हा रात्रभर. बॅटरी दहा सेंटीमीटर सरकवली तर? पुन्हा रात्रभर. आठवड्यात तू किती प्रश्न विचारशील?"

इथे मला या विषयाचा गाभा सापडला. मॉडेल लहान आणि चपळ करायचं ते वीज वाचवायला नाही, जास्त प्रश्न विचारता यावेत म्हणून. "असं झालं तर?" हा प्रश्न जितक्या वेळा विचारता येईल, तितका उपग्रह सुरक्षित. उत्तर यायला रात्र लागत असेल तर माणूस प्रश्नच कमी विचारतो.

काय ठेवायचं, काय सोडायचं

मग मॉडेल लहान कसं करतात? दोन वाटा समजून घेऊ.

पहिली वाट सरासरीची. पोळ्याच्या पॅनेलमध्ये हजारो कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याची भिंत संगणकात काढत बसलो तर आयुष्य जाईल. म्हणून आधी पोळ्याचा छोटा तुकडा तपासतात. तो दाबला तर किती दबतो, तिरका ओढला तर किती सरकतो, वजन किती. मग त्या जागी तितकंच दबणारा, तितकंच सरकणारा आणि तितक्याच वजनाचा एक सलग थर धरतात. कप्पे गेले, वागणूक राहिली. गोधडीच्या थरांचंही तसंच. दहा थरांचे गुणधर्म एकत्र करून एकच पत्रा धरतात.

दुसरी वाट मुखत्यारीची. मोठ्या लग्नाचा हिशोब आठवा. वीस घरं मदतीला असतात. आचाऱ्याला प्रत्येक घरात कोण काय खातं याच्याशी देणंघेणं नसतं. प्रत्येक घराचा एक माणूस सांगतो की आमची इतकी माणसं. बस. उपग्रहाचेही भाग करतात, जसे सौर पॅनेल, इंधनाची टाकी, दुर्बीण. प्रत्येक भागाचा हिशोब एकदा वेगळा करतात. मग पुढे फक्त दोन गोष्टी पाठवतात. दुसऱ्या भागाला जोडणारे बिंदू आणि त्या भागाचे स्वतःचे मोजके मुख्य ताल. सहा लाखांचा पसारा काही शेकड्यांवर येतो.

या वाटेची सुरुवात जुनी आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट गायन या अभियंत्याने एका छोट्या टिपणात बिंदू कमी करण्याची सोपी रीत मांडली. मोजके बिंदू ठेवायचे आणि बाकीचे त्यांच्यामागून जातात असं धरायचं. संथ तालांसाठी ती छान चालते, जलद तालांना चुकते. १९६८ मध्ये रॉय क्रेग आणि मर्विन बॅम्प्टन यांनी त्यात भागाचे स्वतःचे तालही जोडले. आज जगभर उपग्रह बनवणारे आपलं असं आटोपशीर मॉडेल रॉकेटवाल्यांना देतात. ते ते आपल्या रॉकेटच्या मॉडेलला जोडून उड्डाणात काय होईल ते बघतात. आतल्या रचनेची गुपितं उघडी करावी लागत नाहीत, हा आणखी एक फायदा.

सोडलेलं अंगाशी येतं तेव्हा

इथवर ऐकून मला ही सगळी जादूच वाटली होती. मग दादांनी अपोलो ६ ची गोष्ट सांगितली.

४ एप्रिल १९६८. अमेरिकेचं प्रचंड सॅटर्न ५ रॉकेट माणसांशिवाय चाचणीसाठी उडालं. दोन मिनिटांच्या आसपास रॉकेट लांबीच्या दिशेने जोरात धडधडू लागलं. इंधनाच्या नळ्यांतला दाब आणि रॉकेटचा सांगाडा यांचा ताल जुळला होता. त्याच सुमारास चांद्रयान ठेवायच्या कप्प्याच्या आवरणाचा एक तुकडा उखडून गेला. ते आवरण पोळ्याच्या जाळीचं होतं.

साहजिकच संशय कंपनावर गेला. पण तपासात वेगळंच निघालं. पोळ्याच्या बंद कप्प्यांत हवा आणि ओलावा अडकला होता. रॉकेट वर जाताना आवरण तापलं, आतली हवा आणि वाफ फुगली आणि पत्रा जाळीपासून सुटला. उपाय साधा निघाला. हवा बाहेर पडायला बारीक भोकं आणि ओलावा शोषायला बुचाच्या लाकडाचा थर. धडधडीवर वेगळा उपाय झाला. याच जातीच्या पुढच्या रॉकेटने डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या तीन अंतराळवीरांना चंद्राभोवती नेऊन आणलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचलं ते हे. कंपनाच्या हिशोबात आपण कप्पे पुसून सलग थर धरतो. कंपनापुरतं ते बरोबर असतं. पण कप्प्यात अडकलेली हवा त्या थरात दिसणारच नाही. मॉडेल खोटं बोलत नाही. आपण त्याला जे विचारलं तेवढ्याचंच ते उत्तर देतं. काय सोडलं हे जो विसरतो, तो फसतो.

शेवटी टिचकीच

म्हणून कितीही चांगलं मॉडेल असलं तरी खऱ्या वस्तूला हलवून बघतातच. उपग्रह एका हलणाऱ्या टेबलावर घट्ट बसवतात. त्याला शेकर म्हणतात. आतली रचना लाउडस्पीकरसारखी असते. चुंबकाच्या मधल्या गुंडाळीतून वीज सोडली की ती हलते, फक्त कागदी पडद्याऐवजी इथे अख्खा उपग्रह हलतो. मग आवाजाची चाचणी. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये त्यासाठी खास खोली आहे. तिथे रॉकेटसारखा गडगडाट तयार करून उपग्रहाचे भाग त्यात ठेवतात.

या चाचण्यांची एक पद्धत मला फार आवडली. मोठा धक्का देण्याआधी अगदी हलका धक्का देऊन उपग्रहाचे ताल टिपून ठेवतात. मग खरी हाणामारी. ती झाली की पुन्हा तोच हलका धक्का. आधीचा आणि नंतरचा ताल सारखा आला तर आत सगळं जागच्या जागी. ताल सरकला तर कुठेतरी काही सैल झालं किंवा थर सुटला. म्हणजे माठ घेताना एक टिचकी आणि घरी आणून ठेवल्यावर दुसरी. कॉम्पोझिटच्या पॅनेलवर तर अभियंते खरोखर छोट्या हातोडीने टकटक करत फिरतात. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो.

या परीक्षेतून सवलत कुणालाच नसते. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी तो पीएसएलव्हीने इतर एकोणीस उपग्रहांबरोबर वर गेला. एक किलोचा असो की दीड टनाचा, एकाचा सुटलेला स्क्रू शेजाऱ्याचा घात करू शकतो. त्यामुळे हलवून घेतल्याशिवाय कुणालाच रॉकेटवर जागा नाही.

ॲस्ट्रोसॅट या सगळ्यातून पास होऊन गेला. पाच वर्षांच्या हिशोबाने पाठवला होता, त्यानंतरही काम करत राहिला. त्याच्याच अतिनील दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२० मध्ये पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेचा प्रकाश टिपल्याचं जाहीर केलं.

घरी करून बघा

मुलांना हे सगळं समजावायला रॉकेट लागत नाही. एक फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर ठेवा, आतलं टोक घट्ट दाबा आणि बाहेरचं टोक सोडा. मग बाहेरचा भाग कमी करून पुन्हा करा. पट्टी आखूड झाली की ताल जलद होतो. टोकाला खोडरबर चिकटवा, ताल मंदावतो. ताठपणा वाढला की ताल जलद, वजन वाढलं की ताल संथ. उपग्रहाचा अभियंता या दोनच गोष्टींशी आयुष्यभर झगडतो.

मग मुलांना एक प्रश्न विचारा. पट्टीचा रंग, तिच्यावरचे आकडे, तिला पडलेलं भोक यातलं काय विसरलं तरी ताल ओळखता येईल? ज्या मुलाला यावर वाद घालावासा वाटेल, त्याला मॉडेलिंग कळायला लागलं असं समजा.

परवा आईचा फोन आला होता. मी तिला सगळं सांगितलं. गोधडी, पोळं, लग्नाचा हिशोब, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे एवढा हिशोब करून शेवटी वाजवूनच बघतात ना?"

"हो."

"मग बरोबर करतात. आणि तुझा माठ? उन्हाळाभर वापरलास. पुन्हा वाजवून बघितलास का एकदा तरी?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन माठाला टिचकी मारली. खणखणीत वाजला.